देणगी येते, देणाऱ्याची नोंद येते का? शाळांच्या निधी-संकलनाच्या सेवांचं परीक्षण, नागपुरातून

शाळेत पाण्याचा कूलर बसवायचाय, मुलींच्या शौचालयाचं काम अर्धवट अडकलंय, प्रयोगशाळेची टेबलं डुगडुगताहेत. असं काही निघालं की नागपुरातल्या शिक्षण संस्थेपुढे आज निधीचे बरेच मार्ग असतात: बँकेचा क्यूआर, पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीचं) देणगी-पान, क्राउडफंडिंगची म्हणजे लोकवर्गणीची संकेतस्थळं, छापील पावतीपुस्तक, नाटकाचा मदत-प्रयोग आणि शाळेच्या मैदानातला आनंद मेळावा. सेवा देणारा प्रत्येक जण एकच सांगतो, पैसे लगेच खात्यात. ते खरं आहे आणि सगळ्यांच्या बाबतीत सारखंच खरं आहे, म्हणून त्यावरून निवड करू नये. आमची कसोटी वेगळी आहे. ३१ मे आला की या सेवेतून देणगीदारांची पूर्ण यादी निघते का?

ही तारीख का, ते आधी. ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट देणाऱ्या कलमाची मान्यता असलेल्या संस्थेला आर्थिक वर्षातल्या देणग्यांचं विवरण फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि त्यातूनच प्रत्येक देणगीदाराचं फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र तयार होतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. विवरणात नाव, पत्ता, पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक, रक्कम आणि पैसे कोणत्या मार्गाने आले ते भरायचं असतं. शाळेची नुसती पावती दाखवून वजावट मिळायचे दिवस गेले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. बोलण्यात ८०जीच चालतं, आणि इथेही ओळखीचेच जुने क्रमांक वापरले आहेत, पण पावतीवर काय छापायचं ते सीएला दाखवूनच छापा.

बरेच पगारदार पालक आता नव्या करप्रणालीत आहेत, तिथे ८०जीची वजावट नाही. ते म्हणतात, ‘मला पावती नको, माहिती भरत बसायला वेळ नाही.’ संस्थाही सोडून देते. इथे घोटाळा होतो. ज्या देणगीदाराचं नाव आणि पत्ता संस्थेच्या दप्तरी नाही ती देणगी निनावी धरली जाते. वर्षभराच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातली मोठी रक्कम सोडून उरलेल्या निनावी देणग्यांवर ३० टक्के कर लागतो. समजा वर्षात १२ लाख जमले आणि त्यातल्या ४ लाखांची नावं-पत्ते नाहीत. १२ लाखांचे ५ टक्के म्हणजे ६० हजार, म्हणून सूट १ लाखाची. उरलेल्या ३ लाखांवर ९० हजार कर, वर सेस. तेवढ्यात एक वर्ग बाकांनी भरला असता.

आता क्यूआर. संस्थेच्या नावाने व्यापारी क्यूआर घेणं सगळ्यात सोपं आणि स्वस्त आहे. यूपीआयवर २०२० पासून व्यापारी शुल्क शून्य आहे, त्यामुळे १०० रुपये आले की १०० च जमा होतात. पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याचं (साउंडबॉक्सचं) मासिक भाडं तेवढं बँकेला विचारून घ्या. कार्यक्रम वर्षातून दोनच असतील तर डबा न घेतलेलाच बरा. पण यूपीआयच्या नोंदीत फार तर नाव, यूपीआय आयडी आणि १२ अंकी व्यवहार क्रमांक मिळतो. पॅन नाही, पत्ता नाही. पालकाने ‘सातवी ब, कूलरसाठी’ असं टिपणात लिहिलेलं असतं, पण बँकेच्या उताऱ्यात ते बहुतेक वेळा येत नाही किंवा मध्येच तुटतं.

म्हणून क्यूआरच्या पोस्टरवर त्याच्याशेजारी दुसरा चौकोन हवाच, माहितीच्या फॉर्मचा. नाव, पूर्ण पत्ता, पॅन, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि कशासाठी, एवढ्या सहाच जागा ठेवा. सातवी टाकली की लोक अर्ध्यातून सोडतात. पॅन तपासायला साधी रीत आहे. दहा खुणा, आधी पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी, भागीदारी संस्थेसाठी एफ, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी एच. पाचवं अक्षर व्यक्तीच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. सगळ्यात जास्त चुका इंग्रजी ओ आणि शून्य यांच्या अदलाबदलीच्या असतात, आणि त्या फॉर्म आल्याच्या दिवशी पकडल्या तर फोनवर दोन मिनिटांत सुटतात. मे महिन्यात तोच पालक लग्नाला गेलेला असतो.

पोस्टरबद्दल आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. पालक शाळेला शाळेच्या नावाने ओळखतात, खातं मात्र संस्थेच्या नावावर असतं. स्कॅन केल्यावर शाळेचं नाव न दिसता कुठलं तरी ‘शिक्षण प्रसारक मंडळ’ दिसलं की शहाणा माणूस थांबतो, आणि त्याने थांबावंच. क्यूआरखाली ठळक अक्षरांत लिहा: ‘स्कॅन केल्यावर अमुक मंडळ हे नाव दिसेल, ती आपल्या शाळेची मातृसंस्था आहे.’ या एका ओळीने अडलेल्या देणग्या सुटतात. एकाच खात्याला जोडलेले वेगवेगळे क्यूआर बऱ्याच बँका देतात. एक माजी विद्यार्थ्यांसाठी, एक पालकांसाठी, एक मेळाव्यासाठी असे घेतले तर जुळवणी निम्म्यावर येते. मुख्याध्यापकांच्या किंवा कुठल्याही शिक्षकाच्या खासगी नंबरवर मात्र एक रुपयाही घेऊ नये. तो पैसा कागदोपत्री त्यांचा होतो आणि संस्थेची पावती त्यावर बसत नाही.

पेमेंट गेटवेचं देणगी-पान आमच्या कसोटीवर सगळ्यात वर येतं. कारण साधं आहे, पॅन आणि पत्त्याची जागा सक्तीची ठेवता येते आणि ती भरल्याशिवाय पैसे पुढे जातच नाहीत. महिन्याच्या शेवटी एक तक्ता उतरवला की नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख सगळं एका ओळीत. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय सगळं चालतं. याची किंमत मोजावी लागते. प्रचलित दर साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. १०,००० रुपयांच्या देणगीवर २०० अधिक ३६ असे २३६ रुपये कापले जातात आणि खात्यात ९,७६४ येतात, तेही बहुधा दोन कामकाजाच्या दिवसांनी. पावती पूर्ण १०,००० ची द्यायची, २३६ खर्चात दाखवायचे. अनेक संस्था बँकेत आलेल्या रकमेची पावती करतात. मग देणगीदाराचा उतारा एक सांगतो, प्रमाणपत्र दुसरंच. यूपीआयवर वेगळा दर द्याल का, असं करार करण्याआधी लेखी विचारा. धर्मादाय संस्थांना काही कंपन्या सवलत देतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

गेटवे सुरू व्हायला वेळ लागतो तो कागदपत्रांनी. नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा विश्वस्त पत्र, संस्थेचा पॅन, १२ए (संस्थेच्या स्वतःच्या करसवलतीची नोंदणी) आणि ८०जीचे आदेश, रद्द केलेला धनादेश, अधिकार देणारा ठराव आणि सही करणाऱ्या विश्वस्ताची ओळखपत्रं लागतात. गाडी अडते ती हमखास एकाच ठिकाणी. धर्मादाय आयुक्तांच्या परिशिष्ट एकवर (संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर) जुन्या विश्वस्तांची नावं असतात, नव्या कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करायचा अर्ज) प्रलंबित असतो, आणि ठरावावर सही नव्या सचिवांची असते. गेटवेही नाकारतो, बँकही. त्यामुळे मोहीम दिवाळीत करायची असेल तर उन्हाळ्यातच परिशिष्ट एकची ताजी नक्कल काढून नावं जुळवा. संस्थेच्या संकेतस्थळावर संपर्क, परतावा आणि गोपनीयतेची पानं नसली तरी अर्ज परत येतो. ती एका दुपारचं काम आहेत.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांचा प्रश्न इथेच येतो, कारण नागपूरच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शाळेची एखादी बॅच अमेरिकेत आहे. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या कमाईतून देत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेला, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड का असेना, त्याची देणगी विदेशीच. ती घ्यायला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात यावे लागतात. नोंदणी नसेल तर गेटवेवरची आंतरराष्ट्रीय कार्डं बंद ठेवा. अनिवासी भारतीयांकडून पासपोर्टची प्रत मागून त्यांच्या भारतातल्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासींसाठीच्या) बँक खात्यातून घ्या. बॅचच्या ग्रुपवर जमवलेले पैसे एकाने आपल्या नावाने पाठवणं हाही वाईट मार्ग. प्रमाणपत्र त्याच्या एकट्याच्या नावाने निघतं, आणि त्यात परदेशी नागरिकाचा वाटा असेल तर संस्था अडचणीत येते.

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू अशी क्राउडफंडिंगची संकेतस्थळं आजारपणाच्या तातडीच्या खर्चासाठी उपयोगी आहेत. शाळेच्या बाकांसाठी किंवा कूलरसाठी आमचा कल त्यांच्याकडे नाही. अनोळखी माणूस आजारी बाळाचा फोटो पाहून देतो, सीताबर्डीतल्या शाळेच्या छतासाठी देत नाही. शेवटी देणारे आपलेच माजी विद्यार्थी आणि पालक असतात, मग मध्ये तिसरा कशाला? अशा संकेतस्थळांवर देणाऱ्याकडून वर ‘टिप’ घ्यायची पद्धत आहे आणि तिची टक्केवारी आधीच निवडून ठेवलेली असू शकते. वयस्कर देणगीदाराच्या ते लक्षात येत नाही आणि नंतर तो शाळेला विचारतो, मी ५,००० दिले, जास्त कसे कापले? तरीही जायचं असेल तर मोहीम संस्थेच्या नावाने उघडा, एखाद्या शिक्षकाच्या नावाने नको, आणि ८०जीचं प्रमाणपत्र कोण देणार हे आधी ठरवून घ्या.

छापील पावतीपुस्तक अजून लागतंच. महालातले, सीताबर्डीतले छापखाने शाळांची पुस्तकं वर्षानुवर्षं छापताहेत. १०० पावत्यांचं पुस्तक, कार्बन न लागणारी दुहेरी प्रत आणि यंत्राने टाकलेले क्रमांक मागा. हाताने घातलेले क्रमांक हिशेबनीस मान्य करत नाही. वर नोंदणी क्रमांक, पॅन, ८०जीचा क्रमांक आणि तारीख, खाली उद्देशासाठी चौकट: सर्वसाधारण, विशिष्ट कामासाठी, कॉर्पस (कायम निधी). कॉर्पससाठी देणगीदाराचं वेगळं लेखी पत्र हवं, पावतीवरची खूण पुरत नाही. २,००० रुपयांवरची रोख देणगी ८०जीसाठी ग्राह्य नाही, त्यामुळे तो आकडा पावतीवरच छापून टाका. एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तर कायद्यानेच बंद आहे. पुस्तक कोणाला दिलं, किती पावत्या फाडल्या, किती रद्द झाल्या, याची एक वही ठेवा. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच चिकटलेल्या हव्यात.

नाटकाचा मदत-प्रयोग हा आपला जुना, प्रतिष्ठेचा मार्ग. नागपुरात तो मुंबई-पुण्याहून महाग पडतो आणि कारण सरळ आहे. मुंबईहून रेल्वेने ८०० किलोमीटरच्या वर, सेटचा ट्रक वेगळा, कलाकारांचा येण्याजाण्याचा वेळ वेगळा. एकट्या प्रयोगासाठी मंडळी आली तर हा सगळा भार तुमच्या तिकिटांवर. तेच नाटक अमरावती, अकोला, चंद्रपूर असा दौरा करत असेल आणि तुमची तारीख त्यात बसली तर प्रवासखर्च वाटला जातो आणि मागणी खाली येते. म्हणून आधी नाटक आणि मग तारीख असं न करता, दौरा लावणाऱ्या व्यवस्थापकाला विचारा की विदर्भात कधी येताय, आणि त्यात रिकामी संध्याकाळ धरा.

सभागृह निवडताना मोह टाळा. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह सुमारे दोन हजार आसनांचं आहे. एवढी तिकिटं खपवायला पालकांची मोठी फौज लागते आणि अर्धं रिकामं सभागृह पुढच्या वर्षीचे जाहिरातदार घालवतं. सिव्हिल लाइन्सचं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह मध्यम संस्थेला योग्य. लहान शाळेने लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सोसायटीचं सभागृह पाहावं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्सकडे बंदोबस्त, वळवलेले रस्ते, भरलेली हॉटेलं. तो काळ सोडा. जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा, फेब्रुवारी लागला की दहावी-बारावीवाली घरं येत नाहीत.

गणित असं मांडा. समजा ७०० तिकिटं, सरासरी ३०० रुपये, म्हणजे २,१०,००० जमा. नाट्यसंस्थेचा करार, सभागृह, ध्वनी-प्रकाश, निवास, छपाई मिळून १,६०,००० गेले तर हातात ५०,०००. दोन महिन्यांच्या धावपळीला हा आकडा थोडा आहे, आणि शेवटच्या शंभर जागा उरल्या तर तो २०,००० वर येतो. म्हणजे निधी तिकिटांतून निघत नाही, स्मरणिकेतून निघतो. इतवारीतला, गांधीबागेतला व्यापारी देणगीपेक्षा जाहिरात आनंदाने देतो, कारण जाहिरातीची रक्कम त्याला धंद्याचा खर्च म्हणून पूर्ण दाखवता येते आणि देणगीवर साधारण निम्मीच वजावट मिळते. मागचं पान, आतली कव्हरं, पूर्ण पान, अर्धं पान असे दर ठरवा आणि पैसे आल्याशिवाय मजकूर छापखान्यात पाठवू नका. छापून झाल्यावर वसुलीला जाणं फार जड जातं.

तिकीट दर माणशी ५०० किंवा त्याखाली ठेवला तर नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी नाही, ५०१ झाला की चित्र बदलतं. प्रवेशिकेवर ‘देणगी’ छापलं तरी तिकिटाच्या रकमेवर ८०जी मिळत नाही, कारण बदल्यात खुर्ची आणि प्रयोग मिळालेला असतो. एखाद्याला ५,००० द्यायचेच असतील तर ५०० चं तिकीट आणि ४,५०० ची वेगळी देणगी पावती करा. जाहिरातीच्या जमेची नोंदही देणगीत मिसळू नका.

आनंद मेळाव्यात रोख पैसे स्टॉलवर फिरू देऊ नका. एका टेबलावर कुपनं विका, स्टॉलवर फक्त कुपन घ्या, संध्याकाळी कुपनं मोजून ठरलेला हिस्सा, समजा २० टक्के, शाळेकडे ठेवून बाकी स्टॉलवाल्याला द्या. १०, २० आणि ५० ची कुपनं वेगवेगळ्या रंगांत, क्रमांकासह आणि शाळेच्या शिक्क्यासह छापा. साध्या पांढऱ्या कागदावरच्या कुपनांची झेरॉक्स निघायला एक दुपार पुरते. उरलेली कुपनं परत घेणार की नाही हे कुपनावरच लिहा.

तर्री-पोह्यांचा स्टॉल सगळ्यात जास्त चालतो, म्हणून त्याचं प्रमाण: २०० प्लेटसाठी १६ ते १८ किलो जाडे पोहे आणि रात्रभर भिजवलेले ५ किलो हरभरे. पोहे एकदम भिजवले की तासाभरात गोळा होतो, चार-चार किलोच्या खेपा करा. तर्री मात्र सकाळीच एका भांड्यात तयार हवी, नाहीतर दुसऱ्या खेपेची चव पातळ लागते. बाहेरचा केटरर असेल तर त्याची अन्नसुरक्षा नोंदणी मागा. लहान विक्रेत्यासाठी ती वर्षाला १०० रुपयांत होते.

मेळाव्यात लकी ड्रॉ ठेवायचा आग्रह होतो. परवानगीशिवाय पैसे घेऊन सोडत काढणं लॉटरीच्या कायद्यात अडकतं, शाळेने त्यात पडूच नये. संस्था नोंदणीकृत नसेल, नुसती माजी विद्यार्थ्यांची मंडळी वर्गणी गोळा करत असतील, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात कलम ४१ क खाली आधी अर्ज करा, गणेशोत्सव मंडळं करतात तसाच. आणि प्रवेशाच्या दिवसांत, जून-जुलैत, पालकांपुढे कुठलंही पावतीपुस्तक ठेवू नका. प्रवेशाशी जोडलेली देणगी १९८७ च्या राज्याच्या कायद्याने आणि शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे, आणि तारखांवरूनच संशय येतो.

हिंगणा, कामठी तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांसाठी यातलं बरंचसं लागू नाही, तिथे मागे ८०जीवाली संस्था नसते. त्यांच्यासाठी केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल ही चांगली सेवा आहे आणि ती विनाशुल्क आहे. शाळा यूडायस या आपल्या सरकारी ओळख क्रमांकाने नोंदते, आपली गरज टाकते, देणारा वस्तू किंवा सेवा देऊ करतो. रोख रकमेचा व्यवहार तिथे नाही. पोर्टलवर गरज नेमकी लिहिली तर काम होतं. ‘पंखे हवेत’ याऐवजी ‘छताचे पंखे ६, १२०० मिलिमीटर, खोली क्रमांक ३ आणि ४ साठी, वायरिंग आहे’ असं लिहा. वस्तू आली की त्याच दिवशी डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद, शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात उल्लेख, आणि देणाऱ्याला मुख्याध्यापकांच्या सहीचं पोच-पत्र. कूलर असेल तर त्याचं वॉरंटी कार्ड शाळेच्या नावाने भरून घ्या, कारण एप्रिलच्या उन्हात तो बंद पडला की दुकानदार बिलावरचं नाव विचारतो.